थोडी नीळ कमी

भिंत जांभळी होती. ऑटो हुडकेश्वरच्या आतल्या रस्त्याला वळला, समोर आमच्या विहाराच्या कंपाउंडची भिंत आली, आणि ती वांग्यासारखी जांभळी होती. सकाळीच दवाखान्यात माझ्या उजव्या डोळ्यावरची मोतीबिंदूच्या ऑपरेशनची पट्टी काढली होती आणि एक मोठा काळा चष्मा दिला होता. घर आलं का ते पाहायला मी तो वळणावर जरा वर उचलला, एवढंच. शेजारी माझी बायको जयवंता बसली होती. मांडीवरच्या पिशवीत औषधाची बाटली सरळ उभी राहते की नाही, इकडे तिचं सगळं लक्ष. मी विचारलं, "ही भिंत कोणी रंगवली वं?" ती म्हणाली, "तुमीच तं." मी म्हटलं, "कवा?" ती म्हणाली, "परसालच्या आधी," आणि पुन्हा बाटलीकडे पाहू लागली. मी उजवा डोळा मिटला. भिंत निळी झाली. बरोबर निळी, मला हवी होती तशी, विहाराला शोभेल अशी. डावा मिटून उजवा उघडला. वांगं. निळी, वांगं, निळी, वांगं असं करत भिंत संपली आणि ऑटोवाला आरशातून माझ्याकडे पाहत होता हे मला तेव्हा कळलं.

घरी येऊन खाटेवर पडलो. डॉक्टरांनी सांगितलं होतं की नव्या डोळ्याला थोडे दिवस उजेड जास्त वाटेल. उजेडाबद्दल माझी तक्रार नव्हती. मी आयुष्यभर रंगारी. नागपूरजवळच्या खाप्याला माझे वडील सुताला रंग द्यायचे आणि चालता येऊ लागल्यापासून मी त्यांच्या हौदाच्या काठावर. पुढे नागपुरात गिरणीच्या रंगखात्यात लागलो, गिरणी बंद होईपर्यंत तिथेच. अक्षरं मला पन्नाशीत आली, पण रंग दुधाच्या दातांसोबत आले होते. कापडाचा तुकडा हातात दिला की त्यात काय कमी आणि काय जास्त ते मी सांगायचो, आणि साहेब ते मशीनवर तपासून माना हलवायचे. ही एक गोष्ट माझ्याकडे होती. सिंधूताईंनी विहाराच्या साक्षरता वर्गात मला क ख ग शिकवलं तेव्हाही, पाटीवर माझा 'ख' उलटा पडला आणि बाया पदर तोंडाला लावून हसल्या तेव्हाही, मी मनात म्हणायचो की ठीक आहे, ही अक्षरं तुमची आहेत, पण तुमच्या अंगावरच्या लुगड्याचा हिरवा उद्या उन्हात उडणार आहे हे तुमच्यापैकी एकीला माहीत नाही. सिंधूताई माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान असतील. मी त्यांना बाई म्हणतो, कारण त्यांनी मला शिकवलं. त्या विहार समितीच्या अध्यक्ष झाल्या तेव्हा भिंतीच्या रंगाची गोष्ट निघाली आणि त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या, "रंगाचं चंपतभाऊलेच विचारा. तिथं ते आपले गुरुजी." त्या एका वाक्यावर मी महिनाभर जेवलो असेन.

खाटेवर पडल्यापडल्या तो दिवस मला पुन्हा दिसू लागला. दुर्गेश पेंटर बादलीत रंग घोटत होता. भिंतीवर त्याने हातभर पट्टा ओढला आणि मला तो हिरवट दिसला. आता इथे एक गोष्ट आहे. निळीच्या हौदातून सूत वर काढलं की ते निळं नसतं. हिरवट-पिवळं असतं, आजारी माणसासारखं. मग त्याला हवा लागते आणि तुमच्या डोळ्यांसमोर ते निळं होत जातं. लहानपणी मला वाटायचं की रंग हौदात नाही, हवेतच आहे. वडील म्हणायचे, हिरवं दिसलं की घाबरायचं नाही, थांबायचं. म्हणून मी त्या भिंतीसमोर खुर्ची टाकून थांबलो. दुर्गेश म्हणाला, "काकाजी, काय पाहून राहिले?" मी म्हटलं, "हवा लागू दे." तो बिचारा उभा राहिला. प्लास्टिकच्या बादलीतल्या रंगाला हवा लागून काय होणार? काही झालं नाही. मग मी म्हटलं, हिरवट मारून राहिला, नीळ टाक. त्याने टाकली. हिरवटच. आणखी टाक. त्याने सिंधूताईंकडे पाहिलं, सिंधूताईंनी मान हलवली, आणि त्याने टाकली. संध्याकाळपर्यंत आम्ही तेच केलं. शेवटी मला हवा तसा निळा आला तेव्हा मी मागे वळून पाहिलं. समिती ओळीने उभी होती. कोणी काही बोललं नाही. मला वाटलं, भारावले.

आणि मग एकेक गोष्ट यायला लागली, जशी लाइट गेल्यावर अंधारात घरातल्या वस्तू एकेक करून पायाला लागतात. गॅसची टाकी घेऊन येणारा माणूस फोनवर विचारायचा, "जांभळ्या भिंतीच्या बाजूनंच ना?" आणि मी त्याला झापायचो की आमच्याकडे जांभळी भिंत नाही, निळी आहे, पत्ता नीट पाहत जा. तो म्हणायचा, "हो काकाजी," आणि बरोबर घरी यायचा. दोन वर्षं मी विचार करत होतो की ही जांभळी भिंत या वस्तीत आहे तरी कुठे. एकदा तर संध्याकाळी फिरायला गेलो तेव्हा ती शोधत मुद्दाम दोन गल्ल्या पुढे जाऊन आलो होतो. मी उठून कपाट उघडलं. धम्मचक्र दिनाला घालायचा, दुकानात मीच निवडलेला माझा पांढरा झब्बा घडी करून ठेवला होता. उजव्या डोळ्याने पाहिलं. लिंबू. पिकलेलं नाही, पण हिरवंही नाही. दरवर्षी सगळे पांढऱ्या कपड्यांत दीक्षाभूमीला जातात आणि त्यांच्यात मी लिंबू. मी जयवंताला विचारलं, "हा झब्बा कोण्या रंगाचा हाय?" ती कणीक मळत होती. म्हणाली, "तुमी म्हणता तो." मी म्हटलं, "मी काय म्हणतो?" ती म्हणाली, "पांढरा." मी म्हटलं, "अन् तू काय म्हणते?" ती म्हणाली, "मी काहून म्हणू? तुमी रंगारी."

दुसऱ्या डोळ्याची तारीख मिळाली होती. मी ती पुढे ढकलली. घरात सांगितलं की पहिला डोळा नीट बसू दे. मुलगा फोनवर म्हणाला, बाबा घाबरले. मी घाबरलो नव्हतो, किंवा सुईला घाबरलो नव्हतो. डाव्या डोळ्यात अजून भिंत निळी होती आणि झब्बा पांढरा होता. तो डोळाही बदलला तर या जगात त्या भिंतीला निळी म्हणणारा एकही डोळा उरणार नव्हता. आणि मग मला वाटायचं की उजवा डोळाच कशावरून खरा? तो तर परवा आला. प्लास्टिकचा आहे. डावा माझ्यासोबत खाप्यापासून आहे. दिवसभर मी ओट्यावर बसून दोघांची परीक्षा घ्यायचो. डावा मिटायचा, उजव्याने आभाळ पाहायचं. उजवा मिटायचा, डाव्याने पाहायचं. समोरच्या घराचं फाटक, गेटजवळची जास्वंद, शेजारच्या रंभाबाईंचे वाळत घातलेले पापड. उजव्याने पापड पांढरे, डाव्याने तळल्यासारखे. मी पुन्हा पुन्हा पाहायचो, कारण रंगाची तुलना एका नजरेत होत नाही हे मला माहीत होतं.

याच दिवसांत सिंधूताई आल्या. सोबत दुर्गेश. खुर्चीवर बसून त्यांनी आधी तब्येत विचारली, मग चहा घेतला, मग कपाच्या तळाशी काही लिहिलेलं असावं तसं त्यात पाहत म्हणाल्या, "चंपतभाऊ, दसऱ्याच्या आधी भिंत नव्यानं मारायची म्हणतो. पावसानं पोपडे आले." मी म्हटलं, "मारा." त्या म्हणाल्या, "रंग तुमी सांगा." मी दुर्गेशकडे पाहिलं. तो फरशीकडे पाहत होता. मी म्हटलं, "बाई, या वेळेस दुसऱ्या कोणाले विचारा." त्या म्हणाल्या, "असं कसं? तुमी म्हणाल तोच रंग. समितीत ठरलं." मला तेव्हा कळलं की हे लोक काय आहेत. मी पुन्हा जांभळा म्हटलं तर ते पुन्हा जांभळा मारतील, ओळीने उभे राहतील, आणि पुढची दहा वर्षं गॅसवाल्याला जांभळी भिंत म्हणून पत्ता सांगतील, पण माझ्यासमोर तोंड उघडणार नाहीत. एवढा मान माणसाला झेपत नाही. निळा नीट सांगावा तर आधीची भिंत काय होती हे मीच सगळ्यांसमोर बोलल्यासारखं होणार. न सांगावा तर दसऱ्याला गावोगावचे लोक येतील आणि आपल्या विहाराला पुन्हा वांग्याची भिंत. मी म्हटलं, "दुसरा डोळा होऊ द्या. मंग सांगतो." दुर्गेशने दसऱ्याला किती दिवस उरले त्याचा हिशेब केला असावा, कारण त्याचा चेहरा पडला. भिंत डोळ्यासाठी थांबली आणि डोळा भिंतीमुळे थांबला होता. हे फक्त मला माहीत होतं, आणि त्या रात्री मला भाकर गोड लागली नाही.

अपेक्षा आली ती याच गोंधळात. अपेक्षा म्हणजे माझ्या मुलाची मुलगी. पुण्याला एका संस्थेत शिकते. दुसऱ्या ताऱ्यांभोवती फिरणाऱ्या ग्रहांवर हवा कोणती आहे ते शोधायचं, हे तिचं काम. चार वर्षं झाली मी लोकांना एवढंच सांगतो आणि लोक विचारतात की तिथे जाऊन शोधते का. दर वेळी दसऱ्याला ती येते तेव्हा बॅग टाकते आणि आजीच्या गळ्यात पडते. या वेळी बॅग टाकून थेट झोपली. उठली तेव्हाही तोंड उतरलेलं. जयवंताने विचारलं तर म्हणाली, "काई नाई आजी, कामाचं." मी ओट्यावर माझी परीक्षा घेत बसलो होतो. ती आत चहा पीत असेल, तेवढ्यात रंभाबाई आमच्या फाटकात आल्या. त्या आत आल्या नाहीत. फाटकाच्या बाहेरूनच म्हणाल्या, "जयवंताबाई, जरा बाहेर या वं." जयवंता कणकेच्या हातांनी बाहेर गेली. त्या हळू बोलत होत्या, पण रंभाबाईंचं हळू म्हणजे वस्तीला ऐकू जाईल इतकं. "वाईट नका मानू. पण चार दिवस झाले, भाऊ मले डोळा मारून राहिले. मी पापड उलटवाले आली की मारते. सून हसून राहिली माही." जयवंता माझ्याकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ती नुसती मला वरपासून खालपर्यंत पाहत होती, बाजारात एखादी जुनी वस्तू पाहावी तशी, की अजून चालते का ही. मग रंभाबाईंना म्हणाली, "कोणता मारते? डावा का उजवा?" रंभाबाई म्हणाल्या, "दोन्ही मारते वं माय. आलटून पालटून."

फाटकातून आत येऊन जयवंता माझ्यासमोर उभी राहिली. अपेक्षा कप हातात घेऊन दारात. मला पर्याय उरला नाही. मी म्हटलं, "मी रंभाबाईले नाई पाहून राहिलो. पापड पाहून राहिलो." जयवंता म्हणाली, "पापडाले डोळा मारता?" अपेक्षा हसली, आल्यापासून पहिल्यांदा. मग मला सगळं सांगावं लागलं. म्हणजे सगळं नाही. उजव्याने रंग वेगळे दिसतात, डाव्याने वेगळे, आणि मी दोन्हींतला फरक पाहतो, एवढं सांगितलं. भिंतीचं नाव घेतलं नाही. अपेक्षा कप ठेवून माझ्यासमोर जमिनीवर बसली. म्हणाली, "आबाजी, तुम्ही माझं काम करून राहिले." मी म्हटलं, "तुझं काम पापडाचं आहे?" ती म्हणाली, "ऐका तर."

तिने सांगितलं ते मला असं समजलं. तिचा ग्रह कोणी पाहिलेला नाही. पुढेही कोणी पाहणार नाही, इतका तो लांब आणि लहान. दिसतो फक्त त्याचा तारा, एक छोटा तांबूस तारा, आणि दर थोड्या दिवसांनी त्या ताऱ्याचा उजेड अगदी किंचित कमी होतो, कारण ग्रह त्याच्यासमोरून जातो. किती उजेड अडला त्यावरून ग्रह केवढा ते कळतं. त्याच्या ओढीने तारा किती डुलतो त्यावरून वजन कळतं. कडेवर पोर घेतलेली बाई चालताना दुसऱ्या बाजूला झुकते ना, झुकणं जास्त तर पोरगं जड, तसं. आकार आणि वजन कळलं की आत दगड आहे की नुसता वायू ते सांगता येतं. हे मला पटलं. मी म्हटलं, "अन् हवा?" ती म्हणाली, ग्रह समोरून जाताना ताऱ्याचा थोडा उजेड त्याच्या कडेच्या हवेतून गाळून आपल्याकडे येतो. त्या उजेडाचे सगळे रंग वेगळे करायचे. ग्रह समोर नसतानाच्या उजेडाचे रंगही घ्यायचे. दोन्ही शेजारी ठेवायचे. काही रंग थोडे जास्त कमी झालेले दिसतात. प्रत्येक वायूचे आपापले रंग असतात, तो तेवढेच खातो, बाकीचे सोडून देतो. कोणते रंग खाल्ले ते पाहायचं आणि तिथे कोण आहे ते ओळखायचं. मी विचार करत होतो. जयवंता म्हणाली, "म्हणजे पंगत उठल्यावर पत्रावळी पाहून कोण बसलं होतं ते सांगाचं. भजे सारे गेले अन् वरण तसंच, तर तिथं हे." तिने माझ्याकडे बोट केलं. अपेक्षा म्हणाली, "आजी, एकदम बरोबर." जयवंता काही विशेष झालं नाही असं दाखवत पोळ्या लाटायला गेली, पण पुढे दोन दिवस ती ते वाक्य येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती.

मी अपेक्षाला म्हटलं, "माझ्या डोळ्याचं काय मंग?" ती म्हणाली, "तुमच्या डाव्या डोळ्यातलं जे भिंग पिवळं पडलं आहे ना, ते तुमची हवा. ते निळे रंग खाते. उजवा डोळा म्हणजे ग्रह बाजूला झाल्यावरचा उजेड. दोन्हींत जो फरक दिसते तो पापडाचा नाही, तुमच्या भिंगाचा."  बाहेर रंभाबाई पापड गोळा करत होत्या, माझ्याकडे पाठ करून. मला दुर्गेश दिसला, बादली घोटताना. हिरवट मारून राहिला, नीळ टाक. हिरवं भिंतीवर नव्हतंच. मी माझ्या डोळ्यातला पिवळा भिंतीवर पाहत होतो आणि तो झाकायला बादलीच्या बादली नीळ ओतायला लावत होतो. हवा लागायची वाट पाहत होतो तेव्हा हवा तर माझ्या डोळ्यातच होती. मी विचारलं, "पण कसं कळते पोरी? खाणारा ग्रह आहे का मधेच दुसरा कोणी आहे?"

मी सहज विचारलं होतं. तिच्या चेहऱ्यावर ते चापट मारल्यासारखं बसलं. मग ती बोलली. तिच्या ग्रहाच्या हवेत पाण्याची वाफ आहे असं तिने शोधलं होतं. सगळ्यांना सांगून झालं होतं. संस्थेत पेढे वाटून झाले होते. मग तिच्या मॅडम म्हणाल्या की तुझा तारा थंड आहे, त्याच्या अंगावर डाग आहेत, आणि त्या डागांत इतकी थंडी असते की खुद्द ताऱ्यावरच वाफ असू शकते. तू जे पाणी ग्रहावर पाहिलंस ते ताऱ्याच्या डागांतलं नाही कशावरून? ती म्हणाली, "तीन महिने मी त्यांच्याशी भांडून राहिली आबाजी." मी म्हटलं, "काहून?" ती म्हणाली, "कारण डाग वेगळे मोजून वजा केले तर..."  मी म्हटलं, "तर पाणी जाईल." ती म्हणाली, "जाईलच असं नाही. जाऊ शकते. म्हणजे कोरडा धोंडा उरेल, अन् त्याच्यावर मी चार वर्षं." मग तिने नखाने फरशी खरवडली, अगदी माझ्या मुलासारखी, आणि तो अगदी माझ्यासारखा. मला तिला काही शहाणपण सांगावं असं वाटलं नाही. माझ्याकडे ते नव्हतं. मी फक्त म्हटलं, "माझी भिंत जांभळी हाय." ती म्हणाली, "माहीत आहे." मी म्हटलं, "तुलेही?" ती म्हणाली, "आबाजी, गूगलवर पण आहे. फोटोसकट."  मग तिला हसू फुटलं, मग मला, आणि आतून जयवंता म्हणाली, "रंभाबाई गेल्या ना घरात? का अजून पाहूनच राहिले?"

त्या संध्याकाळी अपेक्षाने मॅडमला फोन केला. ओट्यावर उभी राहून बराच वेळ बोलली. मला तिचे शब्द कळत नव्हते, पण तिचा आवाज मी ओळखतो. लहानपणी डोक्यात लिखा झाल्या की ती डोकं पुढे करून अशाच आवाजात म्हणायची, काढ आता. मी खोलीत गेलो आणि दवाखान्याचा कागद काढून मुलाला फोन लावला. म्हटलं, तारीख घे. तो म्हणाला, "भीती गेली?" मी म्हटलं, "गेली नाही. घे." मग सिंधूताईंना निरोप पाठवला की डोळ्यासाठी थांबू नका, दुर्गेशला उद्या बोलवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीसमोर मला खुर्ची मांडलेली होती, आधीच्या जागीच. समिती जमली होती. सिंधूताई पांढऱ्या लुगड्यात, खरोखर पांढऱ्या. अपेक्षा माझ्या खुर्चीमागे. रंभाबाईही आल्या होत्या, पण सुनेच्या आडोशाला. दुर्गेशने बादली घोटली. त्याने मागच्या वेळेइतकी नीळ आधीच घालून ठेवली होती, माझा वेळ वाचावा म्हणून. काठीने रंग उचलला की जांभळा थेंब खाली पडत होता. त्याने पोपडे खरवडलेल्या जागेवर हातभर पट्टा ओढला आणि माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी उजवा डोळा मिटला. पट्टा निळा होता. इतका सुंदर निळा की मला वडिलांचा हौद आठवला, ओल्या सुताचा वास आला, आणि क्षणभर वाटलं की उठावं, हाच म्हणावं, आणि घरी जावं. हे लोक दहा वर्षं गप्प राहतील. कोणाचं काय बिघडेल? मग मी डावा मिटला आणि उजवा उघडला. मागे रंभाबाईंची सून खुदकन हसली. मी पट्ट्याकडे नीट पाहिलं, हात लांब करून अंगठा त्याच्या शेजारी धरून, जसं सुताच्या लडीला धरायचो. आणि गंमत अशी की त्या प्लास्टिकच्या डोळ्याला तो जांभळा किती जास्त आहे ते पहिल्या नजरेत कळलं. किती नीळ, किती पांढरा, सगळं आलं. रंग डोळ्यात नव्हताच असं नाही, पण सगळा डोळ्यातही नव्हता. मी म्हटलं, "दुर्गेश, नीळ कमी."

त्याने काठी थांबवली. म्हणाला, "काय काकाजी?" मी म्हटलं, "थोडी नीळ कमी. अर्धी बादली काढून घे. पांढरा टाक." तो म्हणाला, "कमी?" हा शब्द माझ्या तोंडून त्याने कधी ऐकला नव्हता. त्याने सवयीने सिंधूताईंकडे पाहिलं. सिंधूताई माझ्याकडे पाहत होत्या, चष्म्याच्या वरून. माझा 'ख' पहिल्यांदा सरळ आला होता त्या दिवशी त्यांनी असंच पाहिलं होतं आणि नुसती पाटी पुढच्याकडे सरकवली होती. आता त्या दुर्गेशला म्हणाल्या, "काय म्हणून राहिले ते ऐक ना बाबा. गुरुजी म्हणते ते कर." दुपारपर्यंत भिंत निळी झाली. लोकांनी ओळीने उभं राहून पाहिली आणि या वेळी सगळे एकदम बोलले, इतके की कोण काय म्हणतं ते कळेना. भारावणं काय असतं ते मला त्या दिवशी कळलं. फाटकाच्या बिजागरीमागे तळहाताएवढा जांभळा तुकडा मी तसाच ठेवायला सांगितला. दुर्गेश म्हणाला, काहून? मी म्हटलं, राहू दे. अपेक्षा म्हणाली, आधीचा उजेड पण जवळ ठेवावा लागते, नाहीतर कशाशी ताडून पाहाल. तो काही न समजता हो म्हणाला. गॅसवाल्याला तर अजूनही पत्ता जांभळ्या भिंतीचाच आहे. तो येतो, निळी भिंत पाहून गोंधळतो आणि पुढे जाऊन परत येतो.

अपेक्षा पुण्याला गेली. जाताना म्हणाली की डाग मोजायला तारा आता एकटा असताना पाहणार आहेत, बरेच दिवस. पाणी राहतं का जातं ते अजून कळायचं आहे. ती हे सांगताना घाबरलेली होती आणि पोटभर जेवली. आणि माझ्या डाव्या डोळ्याची तारीख उद्यावर आली. तेव्हा मला वाटलं की जायच्या आधी या डोळ्याने सगळं एकदा पाहून घ्यावं. हा गेला की त्याचं जग कोणी पुन्हा दाखवणार नाही. सकाळपासून मी उजव्यावर हात ठेवून घरभर फिरलो. आभाळ पाहिलं, हळद घातलेल्या दुधासारखं. झब्बा पाहिला, जुन्या सवयीने पांढराच. रंभाबाईंकडे मात्र पाहिलं नाही. मग स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो. जयवंता तांदूळ निवडत होती. त्या डोळ्याने ती सगळी सोनेरी होती, केस, हात, कपाळावरच्या आठ्या, परातीतले तांदूळसुद्धा. हात काढून उजव्याने पाहिलं. केस पांढरे, हातांवर डाग, आठ्या जास्त. पुन्हा डाव्याने. पुन्हा उजव्याने. ती वर न पाहता म्हणाली, "आता मले मारून राहिले काय डोळा?" मी म्हटलं, "पाहून राहिलो." ती म्हणाली, "मंग? कोणती बरी? या डोळ्यातली का त्या?" मी म्हटलं, "तसं नसते. दोन्ही शेजारी ठेवाच्या अन् वजा कराच्या." तिने एक खडा काढून दारातून बाहेर टाकला. "वजा करून काय उरते?"

मी विचार केला. अपेक्षाने सांगितलं होतं तसा, नीट. म्हटलं, "मी उरतो. माझ्या डोळ्यातली घाण."

"हे पाहाले डोळा कापून घेतला तुमी?" जयवंता म्हणाली आणि परात माझ्याकडे सरकवली. "मले लग्नापासून माहीत हाय. बसा, खडे पाहा. नव्यानं पाहा, जुन्यानं नाई."